घरच्या मांजराचे पहिले प्रदर्शन : तयारी कशी करावी?

जळगाव, धुळे (प्रतिनिधी) : खान्देशाला मांजर नवे नाही. डाळ मिल, सरकी-कापसाची गोदामे, किराणा पेढ्या आणि धान्याच्या कोठ्या जेथे आहेत तेथे उंदीर असणारच, आणि उंदरांच्या मागोमाग मांजरही येणारच. मात्र पूर्वी ओट्यावर आणि माळ्यावर वावरणारे हे मांजर आता जळगाव, धुळ्याच्या सदनिकांमध्ये घरातील सदस्य म्हणून राहू लागले आहे. त्याला नाव असते, त्याच्या लसीकरणाचे कार्ड असते आणि त्याची छायाचित्रे नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरत असतात. साहजिकच मुंबई-पुण्यात भरणाऱ्या मांजरांच्या प्रदर्शनांची बातमी वाचली की आपलेही मांजर तेथे न्यावे, असे अनेकांना वाटते.

ही इच्छा बहुतेक वेळा एका गैरसमजापाशी अडते. प्रदर्शन म्हणजे पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या पर्शियन मांजरांचा मेळा. तेथे आपल्या कबऱ्या, आखूड केसांच्या देशी मांजराला कोण विचारणार, असे मालकांना वाटते. प्रत्यक्षात वंशावळ नसलेल्या घरगुती मांजरांसाठी अनेक प्रदर्शनांत स्वतंत्र गट असतो. या गटात नाकाची उंची किंवा कानांचा आकार मोजला जात नाही. मांजर निरोगी आहे का, स्वच्छ आहे का आणि अनोळखी माणसाच्या हातात शांत राहते का, एवढेच पाहिले जाते. म्हणूनच या गटाची तयारी ही सजावटीपेक्षा आरोग्याची आणि सवयीची तयारी असते. ती नीट केली तर बक्षीस मिळो वा न मिळो, मांजराचे पुढचे आयुष्य सुखाचे होते. ती न करता मांजर गर्दीत नेले, तर एका दिवसाच्या हौसेची किंमत त्याच्या जिवाने मोजावी लागू शकते.

प्रदर्शनांची परंपरा

आधुनिक मांजर प्रदर्शनांचा आरंभ १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झाला, असे मानले जाते. हॅरिसन विअर या चित्रकाराने ते भरविले. त्या काळी इंग्लंडात मांजराकडे उंदीर मारणारे एक उपेक्षित जनावर म्हणूनच पाहिले जाई. लोकांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहावे आणि त्याला बरी वागणूक द्यावी, हा विअर यांचा हेतू होता. पुढे १८८७ मध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ स्थापन झाला आणि विअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पण काही वर्षांतच त्यांनी ते पद सोडले. सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांमध्ये अधिक रस आहे, अशी खंत त्यांनी नंतर बोलून दाखविली. प्रथमच प्रदर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक मालकाने ही खंत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर अमेरिकेत १९०६ मध्ये ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ आणि १९७९ मध्ये ‘द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन’ या संस्था उभ्या राहिल्या. १९८८ मध्ये ‘वर्ल्ड कॅट फेडरेशन’ची स्थापना झाली. भारतातील प्रदर्शने बहुधा अशाच एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार भरविली जातात आणि परीक्षकही अनेकदा परदेशातून येतात. नियम संस्थेगणिक बदलतात. त्यामुळे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी आयोजकांकडून नियमावली मागवून ती पूर्ण वाचणे, ही तयारीची पहिली पायरी होय.

कोणत्या मांजराला प्रवेश?

घरगुती गटात जातीचे बंधन नसते. रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लूही तेथे उभे राहू शकते. साधारणपणे चार महिन्यांवरील पिल्लांना प्रवेश मिळतो आणि चार ते आठ महिन्यांची पिल्ले वेगळ्या वर्गात पाहिली जातात. आठ महिन्यांवरील मांजराचे निर्बीजीकरण झालेले असावे, अशी अट अमेरिकेतील दोन्ही प्रमुख संस्थांच्या घरगुती गटाला आहे. एखाद्या अपघातात शेपूट किंवा पाय गमावलेल्या मांजरालाही या गटात येता येते. जखम पूर्ण बरी झालेली असावी आणि मांजर सुदृढ असावे, एवढेच पाहिले जाते.

अर्जात मांजराचे लिंग, वय आणि रंग अचूक लिहावा लागतो. येथे पुष्कळांची चूक होते. काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेले तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते. नारिंगी रंग ठरविणारे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते आणि नारिंगी व काळा हे दोन्ही रंग एकत्र दिसण्यासाठी अशी दोन गुणसूत्रे लागतात. बोक्याकडे सहसा एकच असते. अंगावर पट्टे असलेल्या मांजराला प्रदर्शनाच्या भाषेत ‘टॅबी’ म्हणतात. शंका असल्यास पशुवैद्यकाकडून लिंग आणि अंदाजे वय नोंदवून घ्यावे.

तीन महिने आधी : पशुवैद्यकाची भेट

प्रदर्शनाची तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. या मुदतीला कारण आहे. निर्बीजीकरणाच्या वेळी पोटावरचे किंवा कुशीवरचे केस भादरावे लागतात आणि ते पूर्ववत वाढायला दोन-तीन महिने जातात. लसींचे डोस ठरावीक अंतराने द्यावे लागतात आणि शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण व्हायलाही दोन-तीन आठवडे लागतात. प्रदर्शन आठ दिवसांवर आले असता दवाखान्यात धाव घेऊन यातले काहीच साधत नाही.

मांजरांसाठी दोन लसी महत्त्वाच्या आहेत. पहिली तिहेरी लस. ती पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा आतड्यांचा विकार, तसेच हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंमुळे होणारी मांजरांची सर्दी यांपासून संरक्षण देते. पिल्लाला तिचा पहिला डोस साधारण आठ-नऊ आठवड्यांचे असताना द्यावा आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस पूर्ण करावेत. शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या सुमारास किंवा त्यानंतर पडेल, असे पाहावे. दुसरी लस रेबीजची. ती तीन महिन्यांच्या वयापासून देता येते. लसीकरण कार्डावर लसीची तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का असल्याची खात्री करावी, कारण प्रदर्शनाच्या दारात हेच कार्ड तपासले जाते.

पॅनल्युकोपेनियाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. या रोगाचा विषाणू अत्यंत चिवट असतो. तो जमिनीवर, पिंजऱ्यात, कपड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन् महिने टिकतो आणि अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. पिल्लांना तो झाला तर उलट्या, जुलाब आणि अशक्तपणाने थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. शे-दीडशे मांजरे जेथे एका छताखाली येतात, तेथे लस न दिलेले मांजर नेणे म्हणजे त्याला आगीत लोटण्यासारखे आहे. ‘आमचे मांजर घराबाहेर पडतच नाही’ हे कारण तेथे कामाचे नाही.

लसीबरोबर त्वचेचीही तपासणी करून घ्यावी. मांजरांमध्ये नायटा ही बुरशीची बाधा सामान्य आहे. ती एका मांजराकडून दुसऱ्याकडे आणि मांजराकडून माणसाकडेही पसरते. केस गोल चकत्यांसारखे गळत असतील, कानांच्या कडेला खपली दिसत असेल, तर उपचार पूर्ण होईपर्यंत प्रदर्शनाचा विचार सोडावा. घरातील एका मांजराला नायटा झाला असेल तर वरून निरोगी दिसणाऱ्या दुसऱ्या मांजरालाही नेऊ नये. पिसवा, कानातील किडे आणि पोटातील जंत यांवर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध द्यावे. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन असते. ते मांजराला विषासारखे बाधते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

खान्देशात या तपासण्यांसाठी खासगी पशुवैद्यकांबरोबर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांचाही उपयोग होतो. गुरांच्या गर्दीत आणि कुत्र्यांच्या भुंकण्यात मांजर बिथरते. त्यामुळे कमी गर्दीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि मांजर बंद पेटीतूनच न्यावे.

आहार : तजेला वाटीतून येतो

परीक्षक मांजराच्या अंगावरून हात फिरवतो तेव्हा त्याला केसांचा मऊपणा, कातडीखालचे स्नायू आणि कमरेचा घेर कळतो. तेल, पावडर किंवा सुगंधी फवारे मारून हे झाकता येत नाही. केसांची चमक आहारातून येते आणि ती दिसायला काही आठवडे जातात.

आपल्याकडे मांजर आणि दूध यांची जोडी म्हणी-वाक्प्रचारांनी पक्की करून ठेवली आहे. दूध-पोळीवर वाढलेली मांजरे घरोघरी दिसतात. परंतु पूर्ण वाढ झालेल्या अनेक मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. शिवाय मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरीन हे द्रव्य आहारातून मिळावेच लागते आणि ते प्राणिज पदार्थांतच आढळते. टॉरीनच्या अभावी मांजराची दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीनचे प्रमाण वाढविण्यात आले.

जळगाव-धुळ्यात शाकाहारी कुटुंबांची संख्या मोठी आहे. घरात मांस-मासे शिजविणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी मांजराला दूध-पोळीवर ठेवण्याऐवजी मांजरांसाठीचे संपूर्ण तयार खाद्य द्यावे. कुत्र्यांचे खाद्य चालत नाही, कारण दोघांच्या गरजा भिन्न आहेत. मांसाहारी घरांत उकडलेले बिनमसाल्याचे चिकन देता येईल. मात्र केवळ त्यावर विसंबू नये. आपल्या ताटातील रस्सा, शेवभाजी किंवा भरीत मांजराला मुळीच देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात आणि खान्देशी फोडणीत तर दोन्ही सढळ हाताने पडतात. खाद्य बदलायचे असेल तर ते आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. प्रदर्शनाच्या आठवड्यात कोणताही नवा पदार्थ देऊ नये.

पेटीची, पिंजऱ्याची आणि परक्या हातांची सवय

तयारीचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग असून तोच बहुतेकांकडून राहून जातो. घरात लाडाने मांडीवर बसणारे मांजर सभागृहात गेल्यावर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते, फिस्कारते, प्रसंगी परीक्षकाला ओरबाडते. यात मांजराचा दोष नसतो. आपला परिसर, आपला वास आणि आपल्या लपायच्या जागा यांवर त्याची सुरक्षिततेची भावना अवलंबून असते आणि हे सारे त्या दिवशी एकाच वेळी हिरावले जाते.

प्रवासाची पेटी दोन महिने आधी घरात आणून उघडी ठेवावी. आत मांजराचे नेहमीचे अंथरूण घालावे आणि खाण्याची वाटी दाराशी, मग आत, मग अगदी मागे सरकवावी. मांजर आपण होऊन तेथे झोपू लागले की दार काही मिनिटे बंद करावे. त्यानंतर पेटी उचलून घरात फिरवावी, मग गाडीत ठेवून केवळ इंजिन सुरू करावे, मग गल्लीला एक फेरी मारावी. पेटी फक्त इंजेक्शनच्या दिवशी बाहेर निघत असेल तर मांजर ती पाहताच पलंगाखाली पळणार, हे उघड आहे.

प्रदर्शनात प्रत्येक मांजराला एक पिंजरा दिला जातो आणि दिवसाचे सहा-सात तास त्यात काढावे लागतात. घरी तेवढ्या आकाराचा पिंजरा मिळाला तर उत्तम. प्रथम अर्धा तास, मग एक तास, मग दोन-तीन तास अशी सवय लावावी. आत पाणी, रेतीचा ट्रे आणि झोपायला जागा असावी. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना सुती पडदे लावले की शेजारची मांजरे दिसत नाहीत आणि मांजर निवांत होते. हे पडदे घरीच शिवून, काही दिवस मांजराच्या अंथरुणावर ठेवून मग न्यावेत. त्यांना घरचा वास लागलेला असला की मांजराला धीर येतो.

परीक्षक मांजराला टेबलावर ठेवतो, दोन्ही हातांनी उचलतो, कान उलगडून पाहतो, जबडा बघतो, पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत हात नेतो आणि शेवटी पिसाच्या काडीने त्याला खेळवतो. हीच कृती घरी रोज दोन-तीन मिनिटे करावी. टेबलावर पाय घसरू नयेत म्हणून चटई अंथरावी. आठवड्यातून एकदोनदा शेजारी, पाहुणे, मुलांचे मित्र यांच्याकडून हे करवून घ्यावे. प्रत्येक वेळी शेवटी मांजराच्या आवडीचा घास द्यावा आणि मांजर कंटाळण्यापूर्वीच थांबावे. ध्वनिक्षेपक, टाळ्या आणि कोलाहल यांची ध्वनिफीत प्रथम अगदी हळू आवाजात लावून तिचीही ओळख करून देता येते.

कान मागे दुमडणे, बाहुल्या मोठ्या होणे, शेपूट आपटणे, अंग आक्रसून घेणे ही ताणाची लक्षणे आहेत. तोंड उघडून धापा टाकणे हे मांजरात सहज घडत नाही. ते धोक्याचे चिन्ह समजावे आणि ताबडतोब थांबावे. दोन महिन्यांच्या सरावानंतरही मांजर पेटी पाहून थरथरत असेल, परक्या माणसाचा हात लागताच खाणे सोडत असेल, तर त्याला प्रदर्शनाला नेऊ नये. त्याचा स्वभाव एकांताचा आहे, एवढाच याचा अर्थ. त्याला झोपेचे औषध देऊन नेण्याचा विचार तर मनातही आणू नये. गुंगीतल्या मांजराच्या शरीराचे तापमान आणि श्वास बिघडू शकतात.

अंघोळ, नखे, कान

आखूड केसांच्या देशी मांजराला रबरी ब्रशने आठवड्यातून दोन-तीनदा विंचरले की पुरते. लांब केसांच्या मांजराला मात्र रोज विंचरावे लागते. काखेत आणि पोटाखाली झालेल्या गुठळ्या कात्रीने कापू नयेत, कारण तेथील कातडी अतिशय पातळ असते.

अंघोळीची रंगीत तालीम महिनाभर आधी करावी. मांजरांसाठीचा शाम्पू, कोमट पाणी, तळाशी रबरी चटई आणि बंद दार एवढी सिद्धता हवी. पाण्याची धार तोंडावर सोडू नये, चेहरा ओल्या कापडाने पुसावा. खरी अंघोळ प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी घालावी, म्हणजे केसांतील नैसर्गिक तेल थोडे परत येते. शाम्पूचा अंश राहिला तर केस चिकट दिसतात आणि मांजर तो चाटून पोटात घेते. अंगावर पावडर, रंग किंवा सुगंधी द्रव्य यांचा मागमूस राहू नये.

नखांची टोके आदल्या दिवशी कापावीत. नखाच्या मुळाशी दिसणारा गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी. तिच्या बरेच पुढे, केवळ अणकुचीदार टोक कापावे. पुढच्या पायांना आतल्या बाजूला वर एक नख असते, ते विसरू नये. कानांचा दिसणारा भाग कापसाने पुसावा, आत काडी घालू नये. डोळ्यांच्या कोपऱ्यातील घाण प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा कापूस घेऊन पुसावी. हिरड्या लाल आणि दातांवर पिवळा थर दिसत असेल तर तो दवाखान्याचा विषय आहे.

खान्देश ते मुंबई-पुणे : प्रवास आणि ऊन

खान्देशातील मालकांना प्रदर्शनासाठी सहसा मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा लागतो. जळगाव रेल्वेने मुंबईपासून सुमारे ४२० किलोमीटर आहे, चाळीसगाव सुमारे ३२८. धुळेकर मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकमार्गे जातात. म्हणजे मांजराला सहा ते आठ तासांचा प्रवास घडतो. तो पहिल्यांदाच प्रदर्शनाच्या दिवशी घडू नये. त्यापूर्वी जळगावहून भुसावळ किंवा धुळ्याहून सोनगीर अशा छोट्या फेऱ्या कराव्यात आणि मांजर किती वेळात शांत होते, उलटी करते का, ते पाहून ठेवावे.

खासगी गाडी सर्वांत सोयीची. पेटी मागच्या आसनावर पट्ट्याने बांधावी आणि गाडीची दारे-खिडक्या बंद असल्याखेरीज ती उघडू नये. रेल्वेत पाळीव प्राण्यांसाठी वेगळे नियम आहेत. वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित केल्यास प्राणी सोबत ठेवता येतो, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीचा मार्ग उरतो आणि तो मांजरासाठी अयोग्य आहे. तिकीट काढण्यापूर्वी स्थानकावरील पार्सल कार्यालयात चौकशी करावी. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. शक्य झाल्यास आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करावा. मुक्कामाच्या खोलीच्या खिडक्या आधी बंद कराव्यात, मगच पेटी उघडावी. अनोळखी शहरात निसटलेले मांजर परत मिळणे फार कठीण असते. त्यासाठी गळ्यात फोन क्रमांकाची पट्टी असावी आणि शक्य तर कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्यावी.

उन्हाचा प्रश्न खान्देशात सर्वांत बिकट. जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मार्च ते जून या काळात दिवसा मांजराचा प्रवास टाळावा. पहाटे किंवा रात्री निघावे. उभ्या गाडीत मांजराला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४० अंशांच्या वर गेले, मांजर धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, तर अंगाला थंड पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसत, वारा घालत तत्काळ दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये.

चपट्या चेहऱ्याच्या पर्शियन मांजरांबाबत अधिक सावध राहावे लागते. त्यांच्या नाकपुड्या आणि श्वासमार्ग अरुंद असल्याने उष्णता बाहेर टाकणे त्यांना जड जाते, शिवाय अंगावर दाट केसांचे पांघरूण. केवळ प्रदर्शनात मिरवायला मिळावे म्हणून असे मांजर विकत घेण्याचा बेत असेल, तर वातानुकूलन आणि रोजची निगा यांची तयारी आहे का, याचा विचार आधी करावा. आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले देशी मांजर घरगुती गटात तितक्याच मानाने उभे राहते.

प्रदर्शनाच्या दिवशी

वेळेपूर्वी पोहोचावे. प्रवेशद्वाराशी पशुवैद्यक प्रत्येक मांजराचे डोळे, नाक, कान, त्वचा आणि लसीकरण कार्ड तपासतो. आजारी दिसणाऱ्या मांजराला परत पाठविले जाते. हा निर्णय वाद न घालता स्वीकारावा. तो इतर सर्व मांजरांच्या रक्षणासाठी असतो. नंतर पिंजऱ्याचा क्रमांक मिळतो. पुस्तिकेत छापलेले मांजराचे वय, लिंग आणि रंग बरोबर आहेत का, ते लगेच पाहावे आणि चूक असल्यास आयोजकांना कळवावे.

क्रमांक पुकारला की मांजराला दोन्ही हातांनी छातीशी धरून रिंगणात न्यावे. काही प्रदर्शनांत हे काम स्वयंसेवक करतात. परीक्षकाशी आपल्या मांजराविषयी बोलू नये. तो दोन मांजरांच्या मध्ये हात आणि टेबल जंतुनाशकाने पुसतो. आपणही इतरांच्या मांजरांना हात लावू नये आणि प्रेक्षकांना आपल्या मांजराला हात लावू देऊ नये, मुलांना तर हे आधीच समजावून ठेवावे. मांजर घाबरले असेल तर फेरीतून माघार घेण्याचा अधिकार मालकाला आहे. तो वापरण्यात कमीपणा नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा येथेही लागू आहे. हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी कोंडणे किंवा त्याला यातना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे, हा त्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पिंजरे अपुरे असतील, सभागृहात हवा खेळती नसेल, तर आयोजकांना तसे सांगण्याचा मालकांना पूर्ण हक्क आहे.

परत आल्यावर

घरी आल्यावर तयारी संपत नाही. प्रदर्शनातून आलेले मांजर दहा ते चौदा दिवस घरातील इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे. आपले कपडे धुवावेत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, पडदे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे. शिंका, डोळ्यांतून पाणी, जुलाब, केस गळणे यांपैकी काही दिसले तर प्रदर्शनाचा उल्लेख करून पशुवैद्यकाला दाखवावे. मांजराला दोन दिवस त्याच्या कोपऱ्यात निवांत झोपू द्यावे. रिबिनीसह छायाचित्रे काढण्याची घाई करू नये.

सोबत काय न्यावे?

* लसीकरण कार्डाची मूळ प्रत आणि झेरॉक्स, प्रवेश अर्जाची पोच, पशुवैद्यकाचा फोन क्रमांक
* प्रवासाची पेटी, गळपट्टी आणि अंगात घालायचा पट्टा
* पिंजऱ्याचे पडदे, कपडे वाळविण्याचे चिमटे, घरचे अंथरूण
* रेतीचा ट्रे, नेहमीची रेती, कचऱ्यासाठी पिशव्या
* घरचे पाणी, नेहमीचे खाद्य, दोन वाट्या
* ब्रश, कापूस, मऊ टॉवेल, हातांसाठी जंतुनाशक
* मांजराचे आवडते एक खेळणे

पहिल्या प्रदर्शनात बक्षिसाची अपेक्षा ठेवू नये, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. तीन महिन्यांच्या या तयारीत मांजराच्या लसी पूर्ण होतात, निर्बीजीकरण होते, आहार सुधारतो, आणि ते न घाबरता पेटीत बसून दवाखान्यात जाऊ लागते. आजारी पडल्यावर ज्या मांजराला पकडताच येत नाही, त्याच्यावर वेळेत उपचार होत नाहीत. गल्लीबोळांतील कितीतरी मांजरे एवढ्या एका कारणाने दगावतात. तेव्हा ज्यांना मुंबई-पुण्याला जाणे जमणार नाही, त्यांनीही आपल्या घरच्या मांजराची ही तयारी अवश्य करावी.